सहलीच्या हिशेबात आईचं तिकीट

(नगरजवळच्या केडगावात जूनअखेर झालेल्या बचत गटांच्या वार्षिक मेळाव्यातलं हे भाषण. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव ते वेगळं, ते दौंड तालुक्यातलं. हे रेणुकामातेचं, नगर शहराला लागून असलेलं केडगाव. बोललेलं थोडं आवरून इथे दिलं आहे.)



वटपौर्णिमा नुकतीच झाली. वडाला दोरा गुंडाळताना सात जन्मांचं मागणं मागायची रीत आहे. मी आज फक्त एका दिवसाचं बोलणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक दिवस, ज्याच्यासाठी मुलं वर्षभर मागे लागलेली असतात, तो वॉटर पार्कचा दिवस.

हा विषय सांगितला तेव्हा आमच्याच कामातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, पोटगीचं बोल, घरावर बाईचं नाव लावण्याचं बोल. पाळण्यात बसण्याचं काय बोलतेस?" त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. पोटगीचं आपण बोलतोच, पुढेही बोलू. पण घरातला पैसा कुणासाठी खर्च होतो आणि कुणावर वाचवला जातो, हे मला कोर्टाच्या कागदापेक्षा सहलीच्या कागदावर जास्त स्वच्छ दिसलं. तो कागद मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. ज्या ताईचा तो आहे तिला विचारूनच. ती कोण हे कळू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. कुठल्याही एका पार्कचा दर म्हणून ते धरू नका.

मार्चच्या बैठकीत ती आली आणि ६,३०० रुपये कर्ज मागितलं. कारण विचारलं तर पदराच्या गाठीतून वहीचं पान काढलं. अक्षर नवऱ्याचं. तिकिटं ३,०००. पोहण्याचे कपडे भाड्याने २००. आत जेवण ७५०. गाडीचा वाटा २,०००. रस्त्यात चहा-वडापाव ३५०. बेरीज बरोबर होती. मी विचारलं, "तिकिटं किती जणांची?" म्हणाली, "ह्यांचं १,२००, दोघा पोरांचं ९००-९००." म्हटलं, "आणि तू?" ती हसली. "मी बाहेर बसते ना ताई. सामान कोण सांभाळणार? आत्याबाई पण येणारेत, सोबत होईल. आम्ही डबा नेतो."

म्हणजे गाडीत पाच माणसं, आत तीन. लॉकरचे २०० रुपये लावलेलेच नव्हते, कारण लॉकर ती स्वतःच होती. आणि कर्ज? कर्ज तिच्या नावावर. आपल्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. ६,३०० रुपये दहा हप्त्यांत फेडले तर उतरत्या बाकीवर ६९३ रुपये व्याज होतं. ते ती भरणार, चार घरची भांडी घासून. तिच्या स्वतःच्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त पैसे नुसत्या व्याजात जाणार, आणि ती दिवसभर फाटकाबाहेर पिशव्यांना टेकून बसणार.

नवरा वाईट आहे असं मी म्हणत नाही. दारू नाही, मारझोड नाही, पोरांवर जीव आहे. त्याने कुणाला फसवायला हा कागद केला नव्हता. परवडत नाही तेव्हा काहीतरी कमी करायला लागतं, आणि आधी काय कमी करायचं हे आपल्या घरांत विचारावंच लागत नाही. ते हातच लिहून जातो. आणि बाईसुद्धा "मला काय करायचंय पाण्यात" असं म्हणून ते पक्कं करते.

आपल्या आया-आज्या बाहेर पडतच नव्हत्या असं नाही. माहेरी जायच्या, वारीला जायच्या, नवरात्रात या आपल्या देवीला तर सगळं नगर लोटतं. पण बाईच्या बाहेर पडण्याला देवाचं नाहीतर नात्याचं कारण लागायचं. नुसती मजा हे कारण तिला कधी मिळालं नाही. तरी एक सांगते. जत्रेचा हिशेब बाईला बरा होता. जत्रेत शिरायला तिकीट नसतं. आई आत येते, फिरते, बांगड्या भरते, पोरं पाळण्यात बसली की खाली उभी राहून ओरडते, एखाद्या वेळी स्वतःही बसते. पैसे पाळण्याचे, माणसाचे नाहीत.

पार्कात हे उलटं झालं. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड निघालं तेव्हा तिथेही बरीच वर्षं पाळण्यांची वेगवेगळी कुपनं असायची. १९८२ साली ती पद्धत मोडली आणि सगळ्याचं मिळून एकच तिकीट झालं. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईला गोराईत एस्सेल वर्ल्ड आलं. माझ्या वयाच्या पोरांनी ते जास्त करून टीव्हीवरच्या जाहिरातीतच पाहिलं. २०२२ साली ते बंदही झालं. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. आता तर आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला वॉटर पार्क आहे, आणि तो चालवणाऱ्या संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने २०२२ मध्ये इमॅजिकाही घेतलं. गायछाप पुडीवाले तेच हे मालपाणी. सांगायचं हे की पार्क आता मुंबईच्या माणसांची चैन उरलेली नाही. शेजारच्या पोराने मोबाईलवर फोटो दाखवला की आपल्या पोराचं तोंड पडतं. आणि पार्काचं तिकीट माणसाला असतं, पाळण्याला नसतं. तुम्ही एकदाही पाण्यात उतरला नाहीत तरी फाटकातून आत जायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे. म्हणून जी आई जत्रेत आत होती ती पार्कात बाहेर राहिली.

शिर्डीला जाणारी घरं याच्यावर एक तोडगा काढतात, तोही मी पाहिला आहे. बाप आणि पोरं पार्कात, आई आणि आजी दर्शनाच्या रांगेत. जेवण प्रसादालयात. दर्शन बायकांचं, पाणी पुरुषांचं. वरून "तुझं दर्शन झालं ना?" दर्शनाला माझी ना नाही. पण तिने ते निवडलं की तिच्या वाट्याला ते उरलं, एवढं विचारायला हवं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आपल्या गटातल्या चार कुटुंबांबरोबर मी पुण्याच्या बाजूच्या एका पार्कात गेले होते. त्या चारही घरांनी सगळ्यांची तिकिटं काढायची असं आधीच ठरवलं होतं. आम्ही आत जाताना फाटकाबाहेरच्या सावलीत पंधरा-वीस बायका बसलेल्या होत्या. ओळखीच्या नव्हत्या, एका गाडीतल्याही नव्हत्या, पण सगळ्यांच्या भोवती पिशव्या, चपलांचे ढीग, मोबाईल, कुणाच्या मांडीवर तान्हं. संध्याकाळी सहाला बाहेर आलो तेव्हाही त्या तिथेच होत्या.

आणि आत काय झालं तेही सांगते. आमच्यातली एक सासू साठीची. बहात्तरच्या दुष्काळात पोरवयात आईबरोबर खडी फोडायला गेलेली. तिला भाड्याचा तो निळा झगा-पायजमा घालायला लावताना सुनेला घाम फुटला. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली कुणी बघू नका. लाटांच्या हौदाच्या कडेला गुडघाभर पाण्यात बसली ती दोन तास उठली नाही. लाट आली की दोन्ही हात जमिनीला टेकवायची. सुनेने विचारलं, "आत्याबाई, कंटाळा नाही का आला?" तर म्हणाली, "एवढं पाणी, आणि भरायचं नाही कुठं."

तुम्ही हसताय, पण आपल्यापैकी कितीजणींनी पाणी कामाशिवाय पाहिलंय? नळाला कधी येतंय त्याच्यावर आपली झोप ठरते. टँकर, हंडे, पिंप, धुणं. सासूचं तिकीट कशाला, असं मला बैठकीत तिघींनी विचारलं. त्यांना मी ही गोष्ट सांगते, दुसरं उत्तर माझ्याजवळ नाही.

आता त्या कागदाकडे परत. गटात आम्ही तोच हिशेब फळ्यावर नव्याने मांडला. मोठी तीन, मुलं दोन: ३,६०० अधिक १,८००, म्हणजे तिकिटं ५,४००. कपडे सगळ्यांचे ५००. बायकांच्या कपड्याचं भाडं जास्त असतं हे लक्षात ठेवा. लॉकर २००. जेवण पाच जणांचं १,२५०. गाडी २,०००, कारण तिची जागा आधीपासून धरलेलीच होती. वाटखर्च ३५०. झाले ९,७००. नवऱ्याच्या कागदापेक्षा ३,४०० जास्त. दोन बायका आत जाण्याची किंमत एवढी.

मग मी विचारलं, आणि खाडा? कुणी उत्तर दिलं नाही. कारखान्यात कायम असलेल्या माणसाला पगारी रजा असते, त्याच्या सहलीच्या हिशेबात ही ओळ येत नाही. पण तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली, ती घरकामाला. त्याची मजुरी ७००, तिची ४००. तो दिवस बुडाला तर १,१०० रुपये हा सहलीचाच खर्च आहे, खिशातून गेला नाही म्हणून तो नाही असं होत नाही. एकूण १०,८००. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा ती ताई म्हणाली, "मग नकोच." मी म्हटलं, थांब. १०,८०० भागिले नऊ म्हणजे १,२००. जुलैपासून मार्चपर्यंत महिन्याला १,२०० बाजूला पडले तर पुढच्या एप्रिलला सगळे जातात, आणि व्याजाचा एक पैसा नाही.

यंदा त्यांचं जाणं राहिलं. पोरं रडली, नवरा आठवडाभर गटाच्या नावाने बोलत होता, आणि ती माझ्यावरही रागावली होती. ती आज इथे बसली आहे, हे मी तिच्यासमोरच बोलते आहे. गटातल्या दुसऱ्या एकीचं घर मात्र बाहेरून कर्ज काढून गेलं, आणि तिचे आठवड्याचे हप्ते अजून चालू आहेत.

त्या हप्त्यांबद्दल दोन शब्द. छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे लोक दारात येतात, सही बाईची घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घातला की वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला असं कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. फॉर्मवर मिळकत फुगवून लिहिली जाते तेव्हा हा नियम आपणच हातातून घालवतो. सही करायच्या आधी तो आकडा वाचा. आणि मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला सहलीसाठी तर अजिबात हात लावू नका. फोनमधले नंबर आणि फोटो घेऊन मग नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचे प्रकार त्यांच्यापैकी काहींनी केलेले आहेत.

पैसा कुठून, हा प्रश्न राहतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याचे १,५०० रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा बऱ्याच घरांत "आता सहल तुझ्या पैशांतून" असं सुरू झालं. तिच्या पैशांतून जरूर करा. पण मग कुठे जायचं, कधी जायचं, कोण आत जाणार हे ठरवताना ती पहिली बोलू दे. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा नियम घराघरांत पुरुषाच्या पगाराला लागू असतोच.

खर्च कमी करायला जागा आहेत, माणूस सोडून. शनिवार-रविवार आणि मे महिना टाळा. बऱ्याच पार्कांत मधल्या वारी दर उतरतो. फोन करून विचाराल तेव्हा "कर धरून किती?" असं विचारा. जानेवारी २०१८ मध्ये या तिकिटांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, पण १,००० वर १८ टक्के म्हणजे १८० रुपये होतात, आणि जाहिरातीत ते कधीकधी धरलेले नसतात. मुलांचं तिकीट पुष्कळ ठिकाणी वयावर नसून उंचीवर असतं. घरून मोजून निघा, म्हणजे खिडकीशी वाद नको. साठीच्या वरच्यांना काही सवलत आहे का, वीस-तीस जणांच्या गटाला काय दर, हेही विचारा.

एसटीचा हिशेब तर बायकांच्या बाजूचा आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी पाहा: नवऱ्याचं एक पूर्ण, बायको आणि सासू यांची दोन अर्धी, बारा वर्षांच्या आतल्या दोन मुलांची दोन अर्धी. पाच माणसं, तीन तिकिटांचे पैसे. शिर्डीला जायचं असेल तर गाडी करायच्या आधी हे मांडून बघा.

पोहण्याच्या कपड्यांचं जरा जास्त बोलते, कारण बायका पैशांपेक्षा याच्यामुळे बाहेर राहतात. साडी किंवा सुती ड्रेस घालून पाण्यात सोडत नाहीत. सुती कपड्याचे धागे आणि रंग पाण्यात सुटतात, गाळण्या तुंबतात. ओली साडी घसरगुंडीत अडकली तर जिवावर बेतेल. म्हणून नायलॉनचे कपडे. ते पोटरीपर्यंतचे, बाह्यांचेही मिळतात. पण नवरा आधी बघतो कुठला झगा, मग ठरवतो की ही बाहेर बरी. आपल्या गटाने तीन जोड विकत घ्यायचं ठरवलं आहे, वेगवेगळ्या मापाचे. आणून धुऊन द्यायचे. भाडंही वाचतं, आणि घरी आधी घालून बघितलं की लाजही थोडी कमी होते.

आणि पाळी. तारीख ठरवताना हे कुणी विचारत नाही, मग निघायच्या दोन दिवस आधी बाई मेडिकलमधून पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. देवाच्या कार्यासाठी घेत होतो, आता पार्कासाठी. या गोळ्या डॉक्टरला न विचारता घेऊ नका. प्रत्येकीच्या अंगाला त्या चालतात असं नाही. कॅलेंडर घरात असतंच, त्याच्यावर खूण करा आणि तारीख आपल्या सोयीने सांगा. नऊ महिने आधी ठरवायचं असेल तर नक्की दिवस सांगता येत नाही, हे खरं; म्हणून बुकिंग शेवटच्या महिन्यात करू.

कागदाच्या मागच्या बाजूला कामं लिहायची. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. सहलीच्या दिवशी ही २९९ मिनिटं कुठे जात नाहीत. ती पहाटे तीनला उठून दशम्या करण्यात आणि रात्री अकराला ओले कपडे पिळण्यात जातात. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत हे एका परीने बरंच. दशम्या फक्त वाटेपुरत्या. तेव्हा मागच्या बाजूला नावं घाला. डबे कोण भरणार, पिशव्या कोण उचलणार, धाकट्याला पाण्यात कोण धरणार, परत आल्यावर धुणं कुणाचं. एका घरात थोरल्या मुलाने धुण्यासमोर आपलं नाव लिहिलं. धुतलं का, ते मला त्याच्या आईने अजून सांगितलेलं नाही.

आता भिशीचं. दोन गट मिळून आतापर्यंत अकराजणी तयार आहेत. ५ जुलैला पहिले १,२००, पुढे दर महिन्याच्या ५ तारखेला, मार्चपर्यंत. पैसे गटाच्या खात्यात, काढताना जिचे तिचीच सही. नवरा चिठ्ठी घेऊन आला तर मिळणार नाहीत. दुखणंखुपणं निघालं तर तिचं तिला परत. ज्यांना १,२०० जमत नाहीत त्यांनी ६०० भरावे, त्यांची सहल एक वर्षाआड. आणि ज्यांना तेही जड आहे त्यांच्यासाठी श्रावणात चांदबीबीच्या महालावर डबे घेऊन जाऊ, तिथवर टेम्पोचा खर्च गटाचा. वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, घरात मोठी किती, मुलं किती, मुलांची उंची, असे रकाने आहेत. उंची आज माहीत नसेल तर ५ तारखेला सांगितली तरी चालेल.